जुन्या रिंगा

आमच्या शिरूरकडे फिटर चांगला की वाईट हे ठरवायची एकच रीत होती. त्यानं बांधलेल्या पाण्याच्या इंजिनाचं हँडल मारायला एक तगडा गडी उभा करायचा. हँडल मारून गडी जागच्या जागी उभा राहिला तर फिटर कच्चा. चार पावलं मागं फेकला गेला तर बरा. मी बांधलेल्या इंजिनानं एकदा एका पैलवानाला विहिरीच्या थारोळ्यावरून उचलून असा फेकला की तो घोडनदी ओलांडून नगर जिल्ह्याच्या हद्दीत जाऊन पडला. तिथून तो एस.टी.नं परत आला आणि माझ्या हातात नारळ ठेवून म्हणाला, "फिटर, ह्याला म्हणायचं कॉम्प्रेशन!"

पाच-पन्नास फूट इकडंतिकडं धरा, पण गोष्ट खरी.

कॉम्प्रेशन म्हणजे इंजिनाचा दम. पिस्टन वर आला की सिलिंडरात कोंडलेली हवा दाबली जाते. पिस्टनभोवतीच्या रिंगा नव्या असतील तर हवेला फट सापडत नाही आणि ती अशी अडून बसते की हँडल मारणाऱ्याला घाम फुटतो. रिंगा झिजल्या की हवा कडेनं निसटते. मग इंजिन ढिलं पडतं आणि शेंबडं पोरसुद्धा ते फिरवतं. असं इंजिन फिटरच्या दारात दिसणं म्हणजे त्याची बेअब्रू.

माझा पत्र्याचा शेड पुणे-नगर रस्त्याला लागून होता. बायको लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तापानं गेली. त्यानंतर शेडात मी, एक स्टोव्ह, एक खाट आणि दुरुस्तीला आलेली इंजिनं. इंजिनं बरी, ठोकली की उत्तर देतात. स्टोव्ह तेवढंही करत नाही.

शेजारच्या शेडात मिस्त्री बसायचे. मुसलमान सुतार, साठीला टेकलेले, पिढ्यान् पिढ्या टांग्याची चाकं बनवणारे. बायको त्यांचीही गेलेली, एकुलती लेक दौंडला रेल्वेतल्या माणसाला दिलेली. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, "मिस्त्रींच्या चाकाचा टांगा असा की पाण्याचा पेला ठेवून पुण्याला न्या, थेंब सांडायचा न्हाई." मिस्त्री लाकूड तासायचा वाकस चालवता चालवता मान वर न करता म्हणायचे, "पेला रिकामा असंल." माझी एकही थाप त्यांनी कधी धडपणे उडू दिली नाही. म्हणूनच मी त्या त्यांच्यासमोर मारायचो.

मग एस.टी. वाढली, टांगे कमी झाले, मिस्त्रींच्या हाताला काम राहिलं नाही. आणि मी विमान बांधायचं काढलं.

हसू नका. लढाईच्या दिवसांत मी पुण्याला विमानतळावर पंखे फिरवायच्या कामाला होतो. त्या काळच्या लहान विमानांना स्टार्टर नसायचा. साहेब आत बसायचा आणि पुढचा लाकडी पंखा कुणीतरी हातानं फिरवायचा. एका साहेबाला माझ्या गोष्टी आवडायच्या. त्यानं मला तेरा वेळा वर नेलं आणि शेवटच्या दोन खेपांना विमान वळवायचा दांडा माझ्या हातात दिला. मी लोकांना तेराचे तीनशे करून सांगितले, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात लढाईच्या भंगारातलं एक दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मला मिळालं. तीस घोड्यांचं आहे म्हणाले. त्यातली निम्मी घोडी लंगडी होती, पण उरलेली इमानी निघाली. वेळू आणि सागाच्या पट्ट्यांचा सांगाडा मिस्त्रींनी केला. त्यावर मांजरपाट, मांजरपाटावर खळ, खळीवर वार्निश. पंखा मिस्त्रींनी सागाच्या सात फळ्या एकावर एक चिकटवून कोरला. तो कोरायला त्यांनी एक अख्खा उन्हाळा घेतला. पंखा मधोमध खिळ्यावर ठेवला की कुठल्याच बाजूला कलत नसे. एका बाजूला माशी बसली की तेवढा कलायचा, हे मी सांगतो. मिस्त्री म्हणायचे, "माशी गाभण असंल."

तीन उन्हाळ्यांत विमान झालं. बसायला जागा एकाची. दोघांना उचलायची त्या घोड्यांची ताकद नव्हती. परवानगीचं म्हणाल तर आम्ही कुणाला विचारलं नाही, आणि आम्हालाही कुणी विचारलं नाही.

नदीच्या वरच्या अंगाला मोकळा माळ होता, तिथून उडायचो. आमचा रिवाज ठरलेला. मी आत बसायचो. मिस्त्री पंख्यापुढं उभे राहून आरोळी द्यायचे, "बंद?" ठिणगीचं बटण बंद असल्याची मी खात्री करायचो आणि ओरडायचो, "बंद!" मग ते पंखा हळूहळू चारदा फिरवायचे, इंजिनाला पेट्रोल ओढू द्यायचे. मग पुन्हा आरोळी, "चालू?" मी बटण लावून, "चालू!" आणि पाळण्याला झोका द्यावा तसा ते एका हातानं पंखा खाली ओढून मागं सरायचे. इंजिन फुरफुरत उठायचं. एका हातानं, कारण इंजिन ढिलं होतं. रिंगा लढाईच्याच होत्या.

वर गेल्यावर ते इंजिन हमखास दम तोडायचं. पेट्रोल मी मांजरपाटाच्या तुकड्यातून गाळायचो, त्याचा एखादा धागा नळीत जायचा आणि गपकन शांतता. पण पंखा थांबायचा नाही. समोरून येणारा वारा त्याला जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखा फिरवत ठेवायचा, आणि इंजिन ढिलं असल्यामुळं वाऱ्याला ते जड जायचं नाही. फिरता फिरता धागा पुढं सरकायचा, ठिणगी पडायची, इंजिन पुन्हा धरायचं. मी खाली उतरून सांगायचो की इंजिन मी मंत्र टाकून सुरू केलं. मिस्त्रींनी मात्र खालून पाहून सगळं ओळखलं होतं.

एका बाजाराच्या दिवशी दुसरा एक फिटर चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाला, "काय फिटर, तुझ्या विमानाचा पंखा म्हातारा एका हातानं फिरवतो म्हणं! दम न्हाई वाटतं. का विमानसुदीक गप्पांवर उडतंय?"

टपरी हसली. मी पण हसलो, आणि ते हसू पोटात घेऊन शेडात आलो.

"रिंगा बदलतो," मी मिस्त्रींना म्हणालो.

"कशाला?"

"ढिलं झालंय."

"ढिलं हाय म्हणून वर फिरतंय, फिटर. घट्ट केलंस तर वाऱ्याला ते फिरवायचं न्हाई. पंखा थांबला की तू दगूड."

"तुम्ही चाकाचं बघा, मिस्त्री."

"चाकाचंच बोलतोय. फिरतंय ते फिरू द्यावं."

ईदला ते चार दिवस लेकीकडं दौंडला गेले. त्या चार दिवसांत मी इंजिन उघडलं, नव्या रिंगा घातल्या, व्हॉल्व घासून बसवले. जुन्या रिंगा तंबाखूच्या डबीत ठेवल्या, कारण फिटर जुनं काही टाकत नाही. मग पंखा फिरवून पाहिला. काय सांगू! दोन्ही हातांनी लोंबकळलो तरी हलेना. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटून पत्र्याला लागलं.

मिस्त्री परत आले त्या सकाळी आम्ही माळावर गेलो. मी त्यांना काही सांगितलं नाही. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. एका हातानं झोका द्यायला जातील, आणि पंखा हलायचा नाही, आणि ते माझ्याकडं बघतील, एवढंच मला हवं होतं. त्यांनी आरोळी दिली, "बंद?"

पेट्रोल ओढायला त्यांनी पंखा चारदा फिरवला असता तर तेव्हाच त्यांना कळलं असतं. म्हणून मी म्हणालो, "त्याची गरज न्हाई, मी आधीच पाजून ठेवलंय. चालू!"

आमच्या रिवाजाची ती एक पायरी मी गाळली.

त्यांनी रोजच्यासारखा एका हातानं झोका दिला. पंखा अर्ध्यात अडला, आणि इंजिनानं उलटी लाथ मारून तो त्यांच्या मनगटावर हाणला. त्यांच्या उजव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू आला. ही एक गोष्ट मी कधी वाढवून सांगितली नाही. वाढवायला जागाच नव्हती.

हाड बसवणाऱ्यानं हात बांधला. महिन्या-सव्वा महिन्यानं सोडला तेव्हा मनगट वाकडं बसलं होतं आणि अंगठा मिटत नव्हता. वाकस धरता येईना. जावई येऊन त्यांना दौंडला घेऊन गेला. निघताना मिस्त्री माझ्या शेडाच्या दारात थांबले. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सांगायचं होतंस," एवढंच म्हणाले.

मग एक पावसाळा गेला आणि एक हिवाळा गेला. शेजारचा शेड बंद. मी गिऱ्हाइकांना गोष्टी सांगायचो, लोक हसायचे, आणि मी शेजारच्या भिंतीकडं कान देऊन क्षणभर थांबायचो. माशी गाभण असंल, असं तिकडून कुणी म्हणायचं नाही. ज्या थापेला कुणी टाचणी लावत नाही ती थाप नुसतीच फुगून बसते, तिच्यात मजा नाही.

दौंड काही विलायत नव्हे, एस.टी. जायची. मी तीनदा स्टँडवर जाऊन परत आलो. जाऊन बोलायचं काय? आम्हा फिटर लोकांना माफी मागता येत नाही. काम बिघडलं तर आम्ही म्हणतो, "आणा, परत बघतो." तुटलेल्या मनगटाला काय म्हणणार?

शेवटी चैत्रात मी ठरवलं की विमान घेऊनच जायचं. मिस्त्रींचा पंखा दिसला की ते मागं येतील, असा माझा हिशेब.

पण एकट्यानं ते इंजिन सुरू करणं म्हणजे दुष्मनाशी कुस्ती. विमानाची शेपटी लिंबाला दोरानं बांधली, सुटगाठीचं टोक माझ्या बसायच्या जागेपर्यंत आणलं, चाकांपुढं जोर लावला की ओलांडता येतील एवढेच दगड लावले. पंख्यापुढं उभं राहून "बंद?" म्हणालो. मग धावत आत जाऊन बटण पाहिलं, "बंद!" म्हणालो, परत धावत पुढं आलो. लिंबावरचे कावळे बघत होते. सूर्य डोक्यावर आला तेव्हा कुठं ते धरलं. तोवर माझ्या दोन्ही खांद्यांची हाडं निघून पुन्हा बसली होती.

वाटेतलं न्हावरं गाव मागं पडलं. पुढं लांब दौंडच्या गाड्यांचा धूर दिसायला लागला. भीमेचा पांढरा पट्टा दिसला. मी मनातल्या मनात बोलायची वाक्यं जुळवत होतो, आणि तेवढ्यात गपकन शांतता. धागा.

मी वाट पाहिली. पंखा अजून दोनदा फिरेल आणि इंजिन धरेल. पंखा एकदा फिरला, दुसऱ्यांदा माझ्या त्या नामी कॉम्प्रेशनपाशी येऊन अडला आणि डोळ्यासमोर थांबला. आडवा. सात फळ्यांच्या सातही रेघा मोजता येत होत्या. मी नाक खाली घातलं, वेग वाढवला. वारा तारांमधून किंचाळायला लागला. पंखा थोडा उचलला, कॉम्प्रेशनला टेकला आणि परत मागं आला. बंद दाराला कुणी खांदा लावावा आणि सोडून द्यावं, तसा.

थांबलेला पंखा फिरणाऱ्यापेक्षा वारा कमी अडवतो, त्यामुळं विमान पुष्कळ लांब तरंगत गेलं. तेवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. खाली कुठल्याशा मळ्यात एक बाई नवऱ्याला झापत होती, तिचा शब्द न् शब्द मला कळत होता, आणि खरं सांगतो, मला त्या नवऱ्याचा हेवा वाटला. शेड आणि हे आभाळ यात फरक एवढाच की इथं स्टोव्ह नव्हता.

दौंडच्या अलीकडं भीमेच्या कोरड्या वाळूत मी उतरलो. उतरलो म्हणजे पडलो, पण ऐटीत.

पाच मिनिटांत सारं दौंड जमलं. रेल्वेची माणसं पुढं. एक जण म्हणाला, "आमची गाडी लेट असती, पर वाळूत न्हाई बसत!" मी त्यांना मिस्त्रींचं नाव सांगितलं आणि कुणीतरी सायकल दामटली.

मिस्त्री आले. सोबत लेक. उजवा हात खांद्यावरच्या फडक्याखाली झाकलेला. माझ्याकडं न बघता ते आधी पंख्याकडं गेले आणि डावा तळवा त्यावरून टोकापर्यंत फिरवला.

"शाबूत हाय," ते म्हणाले.

"तुमचाच हाय. मोडतोय कशाला?"

"वर थांबला?"

"थांबला."

"उभा का आडवा?"

"आडवा."

"नशीब. उभा असता तर वाळूत घुसला असता." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "कशाला आलास?"

जुळवलेली सगळी वाक्यं वरच राहिली होती. "तुम्हाला न्यायला," मी म्हणालो.

त्यांनी वाकून आत पाहिलं. ती एकच बैठक, त्यांनीच केलेली. "बसवतोस कुठं? शेपटीवर?"

लोक खदखदून हसले. मी एवढ्या महिन्यांत वारा, पेट्रोल, दोर, दगड सगळ्याचा विचार केला होता. जागा एकाची आहे हे खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

लेक माझ्यापाशी आली. हळू आवाजात म्हणाली, "काका, जेवून जावा. पर त्यास्नी न्हिऊ नका. भाकर मोडता येत न्हाई त्यांना. मी मोडून देते. तिथं कोण देणार?"

मी द्यायला तयार होतो.  ते म्हणायच्या ऐवजी बैठकीखालून नट खोलायचे पाने काढले आणि इंजिन उघडायला बसलो. दोन्ही सिलिंडर बाहेर काढले, नव्या रिंगा उतरवल्या आणि तंबाखूची डबी उघडली.

गर्दीतला एक रेल्वेचा फिटर कळवळला. "अवो, उलटं करताय! नव्या काढून जुन्या?"

"उलटंच करायचंय," मी म्हणालो.

मिस्त्री पुढं आले. टोपी काढून माझ्यासमोर उकिडवे बसले. नटात वाळू जाऊ नये म्हणून मी एकेक नट त्यांच्या टोपीत टाकत गेलो आणि ते मागेन तसा एकेक देत गेले. एकदा चुकून त्यांनी उजवा हात पुढं केला. नट अंगठ्यापाशी आला आणि निसटला. आम्ही दोघांनीही तो वाळूत शोधला, बराच वेळ, एकमेकांकडं न बघता.

नळीतला धागा काढला. लोकांनी विमान पाण्याकडच्या ओल्या, घट्ट वाळूवर ढकलत नेलं. लेकीनं आणलेली भाकरी मी उभ्यानंच खाल्ली. उन्हं कलली होती.

"बस आत," मिस्त्री म्हणाले.

मी बसलो. ते पंख्यापुढं गेले. "बंद?"

वर्ष होत आलं होतं, तो शब्द मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता. "बंद!"

त्यांनी डाव्या हातानं पंखा चारदा फिरवला. सावकाश, चारही वेळा, एकही न गाळता.

"चालू?"

मी बटणावर बोट ठेवून त्यांच्या डाव्या हाताकडं बघत बसलो. लोकांना वाटलं इंजिनात काही बिघाड आहे. मिस्त्री थांबून राहिले.

"चालू!"

डाव्या हाताचा एक झोका, आणि इंजिन धरलं. विमानाच्या पंखामागून वळसा घालून ते माझ्यापाशी आले, कानाशी वाकले आणि इंजिनाच्या आवाजावर ताण करून ओरडले, "आता एकट्याला जमंल तुला!"

मला वाटलं कौतुक करतायत. मी मान डोलावली आणि निघालो.

न्हावऱ्याच्या वर आल्यावर, पाहावं म्हणून, मी बटण बंद केलं. शांतता झाली, पण पंखा भिरभिरत राहिला. वाऱ्यावर, आपला आपण. बटण लावलं, इंजिन बिनतक्रार धरलं. आणि तेव्हा मला मिस्त्रींचं बोलणं कळलं. आता हे इंजिन एका हातानं, एका माणसाला सुरू करता येणार होतं. दुसरा माणूस लागणारच नव्हता. ते येणार नव्हते. म्हणूनच जुन्या रिंगा बसवताना त्यांनी नटांखाली टोपी धरली होती.

कापड कुजेपर्यंत पुढं दोन उन्हाळे मी उडत राहिलो. दरवेळी पंख्यापुढं उभं राहून आधी "बंद?" म्हणायचो आणि जरा वेळ थांबायचो. मगच आत जाऊन बघायचो.

लोकांना ही गोष्ट सांगताना मी शेवट जरा बदलतो. सांगतो की मिस्त्री त्या दिवशी खरंच शेपटीवर बसले आणि टोपी धरून शिरूरपर्यंत आले, सगळ्या वाटेनं मला शिव्या देत. लोक मांड्या थोपटून हसतात. मग हमखास कुणीतरी विचारतं, "मग पुढं? मिस्त्री आता कुठं असतात?"

तेव्हा मी चहा टाकतो म्हणून स्टोव्हकडं उठतो.